जन्मकाळचा स्ट्रोक आणि मेंदूचे बाह्य उद्दीपन : मुलांसाठी कितपत सुरक्षित?

पाच-सहा महिन्यांचे बाळ खुळखुळ्याकडे दर वेळी एकच हात पुढे करते आणि दुसऱ्या हाताची मूठ मात्र आवळलेलीच राहते. अशा वेळी घरातील वडीलधारी मंडळी ‘डावखुरे निघणार’ किंवा ‘उजवा हात भारीच चलाख आहे’ असे कौतुकाने म्हणून विषय संपवतात. वैद्यकशास्त्र या दृश्याकडे वेगळ्या नजरेने पाहते. हाताची पसंती साधारणपणे दीड-दोन वर्षांनंतर स्पष्ट होऊ लागते. पहिल्या वर्षाच्या आतच बाळ एक हात टाळू लागले, तर ती जन्माच्या आसपास मेंदूला बसलेल्या झटक्याची पहिली खूण असू शकते.

गर्भाच्या विसाव्या आठवड्यापासून जन्मानंतरच्या अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंतच्या काळात मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने किंवा रक्तस्राव झाल्याने मेंदूचा काही भाग निकामी होतो, त्याला ‘पेरिनेटल स्ट्रोक’ म्हणजेच जन्मकाळचा स्ट्रोक म्हणतात. स्ट्रोक हा उतारवयातला आजार, ही आपल्याकडची रूढ समजूत. मात्र कॅनडातील आल्बर्टा प्रांतात झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या लोकसंख्याधारित अभ्यासात सुमारे ११०० जिवंत जन्मांमागे एका बाळाला असा स्ट्रोक झाल्याचे आढळले. अंगाच्या एका बाजूला दुर्बल करणाऱ्या सेरेब्रल पाल्सीचे हे प्रमुख कारण होय. ज्येष्ठ व्यक्तीला स्ट्रोक झाला तर ती शिकलेली कौशल्ये गमावते. या मुलांना ती कौशल्ये मुळातच एका जखमी मेंदूच्या आधाराने शिकावी लागतात आणि पुढची साठ-सत्तर वर्षे त्यासह काढावी लागतात.

त्यांच्यावरील उपचारांचा कणा आजही व्यायामोपचार हाच आहे. चांगला हात काही तास मोजात, झोळीत किंवा प्लास्टरमध्ये अडकवून ठेवायचा आणि दुबळ्या हाताला काम करायला भाग पाडायचे, ही ‘कन्स्ट्रेंट थेरपी’ अनेक देशांत वापरली जाते. ती उपयोगी आहे. पण मुलासाठी कंटाळवाणी आणि पालकांसाठी दमछाक करणारी आहे. शिवाय कित्येक मुलांची प्रगती एका टप्प्यावर येऊन थबकते. व्यायामासोबत मेंदूलाच बाहेरून हलकी चालना दिली तर हा टप्पा ओलांडता येईल का, या प्रश्नातून गेल्या दोन दशकांतील संशोधन उभे राहिले. त्यासोबत येणारा दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा आहे आणि तो वरवर दिसतो तितका सोपा नाही.

दोन तंत्रे, दोन स्वभाव

पहिले तंत्र चुंबकीय उद्दीपनाचे असून ते ‘टीएमएस’ या नावाने ओळखले जाते. ब्रिटनमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक दाखवले. तत्त्व मायकल फॅराडे यांनी १८३१ मध्ये मांडलेलेच आहे : बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात विद्युतप्रवाह निर्माण करते. येथे वाहक म्हणजे मेंदूची ऊती. डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणमात्र जोरदार प्रवाह सोडला की कवटीखालचे चेतापेशीसमूह उद्दीपित होतात. हाताचे नियंत्रण करणाऱ्या भागावर असा एकच स्पंद दिला तर हाताचे बोट आपोआप हलते. एकेरी स्पंद मुख्यतः तपासणीसाठी वापरतात. उपचारासाठी स्पंदांची मालिका दिली जाते. सेकंदाला एक या मंद गतीने दिलेले स्पंद त्या भागाची उत्तेजकता साधारणतः कमी करतात. सेकंदाला पाच किंवा त्याहून अधिक असतील तर ती वाढवतात.

दुसरे तंत्र ‘टीडीसीएस’ हे आहे. मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या स्पंजमधील दोन विद्युतअग्रे डोक्यावर बांधून त्यांतून एक ते दोन मिलिअँपिअरचा एकदिश प्रवाह पंधरा-वीस मिनिटे सोडला जातो. जर्मनीतील गॉटिंगेन येथील मायकल निट्शे आणि वॉल्टर पॉलस यांच्या २००० सालच्या संशोधनानंतर या तंत्राचा आधुनिक वापर रुजला. इतक्या क्षीण प्रवाहाने पेशी थेट पेटत नाहीत. त्यांची पेटण्याची तयारी मात्र कमी-अधिक होते. उपकरण लहान, स्वस्त आणि खेळण्यासारखे हाताळता येणारे आहे. हाच त्याचा गुण आहे आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे हीच त्याची अडचणही आहे.

दोन्ही तंत्रांना ‘नॉन-इन्व्हेसिव्ह’ म्हणतात. कवटी उघडावी लागत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जाहिरातींत मात्र या शब्दाचा अर्थ ‘निर्धोक’ असा करून घेतला जातो. मेंदूच्या कार्यात बदल घडवण्याइतके जे प्रभावी आहे, ते नको असलेला बदल कधीच घडवणार नाही, असे आधीच गृहीत धरता येत नाही.

नोंदवही काय सांगते

सर्वांत मोठी भीती आकडीची आहे आणि ती निराधार नाही. जन्मकाळच्या स्ट्रोकनंतर अनेक मुलांना पुढे अपस्मार जडतो. ज्या मेंदूत जखमेचा व्रण आहे, त्याच मेंदूला बाहेरून उत्तेजित करायचे, या कल्पनेनेच सुरुवातीच्या काळात नैतिक समित्या बिचकत असत. टीएमएसच्या पहिल्या सुरक्षा-मर्यादा १९९६ च्या आंतरराष्ट्रीय कार्यशाळेतून आल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्या ठरण्यापूर्वी निरोगी स्वयंसेवकांनाही आकडी आल्याच्या घटना घडल्या होत्या. स्पंदांची गती, तीव्रता आणि मधली विश्रांती यांवर बंधने आल्यानंतर त्या विरळ झाल्या. २०१२ ते २०१६ या काळातील प्रयोगशाळा व दवाखान्यांच्या सर्वेक्षणात ३ लाख १८ हजारांहून अधिक टीएमएस सत्रांत २४ आकड्या नोंदल्या गेल्या. अर्थात, ती आकडेवारी प्रामुख्याने प्रौढांची आहे.

मुलांबाबतची सर्वांत भरीव नोंद कॅनडातील कॅल्गरी येथून आली. तेथील बालचेतारोगतज्ज्ञ अॅडम कर्टन यांच्या चमूने सुमारे दहा वर्षांत ३८४ मुलांवर केलेल्या उद्दीपनाचा हिशेब २०२० मध्ये मांडला. एकंदर ३५ लाखांहून अधिक उद्दीपने झाली होती. शंभराहून अधिक मुलांना मेंदूची इजा किंवा अपस्मार होता, तरीही एकालाही आकडी आली नाही आणि एकही गंभीर दुष्परिणाम नोंदला गेला नाही. डोकेदुखी, मानदुखी आणि टीडीसीएसमध्ये टाळूला सुटणारी खाज एवढ्याच तक्रारी वारंवार आढळल्या. स्ट्रोक झालेल्या मुलांत डोकेदुखी निरोगी मुलांपेक्षा अधिक प्रमाणात आढळली, पण ती सौम्य व आपोआप थांबणारी होती आणि पुढील सत्रांत हा अनुभव अधिक सुसह्य झाला.

३५ लाख हा आकडा वाचून डोळे विस्फारतात. परंतु ती मुलांची नव्हे, स्पंदांची संख्या आहे. उपचाराच्या एका सत्रातच बाराशे स्पंद दिले जाऊ शकतात. पालकांच्या दृष्टीने अर्थपूर्ण आकडा ३८४ हाच. संख्याशास्त्रातील एक जुना ठोकताळा येथे उपयोगी पडतो. जितक्या जणांत एखादी घटना एकदाही घडली नाही, त्या संख्येने तीनला भागले की धोक्याची वरची मर्यादा मिळते. त्यानुसार गंभीर दुष्परिणामाचा खरा धोका १२८ मुलांमागे एकापेक्षा कमी आहे, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. मेंदूची इजा किंवा अपस्मार असलेल्या शंभरेक मुलांपुरतेच पाहिले तर हीच मर्यादा शंभरात तीनपर्यंत जाते. प्रत्यक्ष धोका याहून पुष्कळ कमी असू शकतो. शून्य घटना आणि शून्य धोका यांत मात्र फरक आहे आणि तो पालकांना सांगितला गेला पाहिजे.

आधीचे पुरावेही याच दिशेचे आहेत. ४८ अभ्यासांतील पाचशेहून अधिक मुलांचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चुंबकीय उद्दीपनानंतर सुमारे अकरा-बारा टक्के मुलांना डोके दुखल्याची आणि टीडीसीएसनंतर जवळपास तेवढ्याच मुलांना झिणझिण्या आल्याची नोंद होती. टोरांटो येथील संशोधकांनी २००८ मध्ये आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधले : टीएमएसच्या वेळी किशोरवयीन मुलांना भोवळ येऊ शकते. ही भोवळ आकडी नसते. सुई टोचताना काहींना येते तशीच ती असते. तरीही उपचारकक्षातील कर्मचाऱ्यांना या दोन्हींतला फरक ओळखता यायला हवा.

नोंदवहीत काळी पानेही आहेत. नैराश्य व अन्य मानसिक आजारांसाठी टीएमएस घेणाऱ्या किशोरवयीन मुलांना आकडी आल्याच्या तुरळक घटना वैद्यकीय साहित्यात नोंदल्या आहेत. टीडीसीएसबाबत २०१५ मध्ये एका चार वर्षांच्या मुलाची घटना प्रसिद्ध झाली. हातापायांचा ताठरपणा आणि पूर्वी आकड्यांचा इतिहास असलेल्या या मुलाला तिसऱ्या सत्रानंतर काही तासांनी आकडी आली. त्याच सुमारास त्याच्या औषधांतही बदल झाला होता. त्यामुळे दोष प्रवाहाचा की औषधाचा, हे निश्चित झाले नाही. अशा एकट्या घटनेवरून निष्कर्ष काढता येत नाही. पण या मुलांची औषधे, झोप आणि आजारपण यांची चौकशी प्रत्येक सत्रापूर्वी का व्हावी, हे त्यावरून कळते. रात्रीचे जागरण किंवा चुकलेली गोळी आकडीची शक्यता वाढवण्यास पुरेशी ठरते.

दुबळ्या हाताचा धनी कोण?

तज्ज्ञांना आकडीइतकीच किंबहुना अधिक काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. नवजात बाळाच्या मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या भागातून दोन्ही हातांकडे चेतातंतू जातात. पुढे वापराच्या स्पर्धेत विरुद्ध बाजूचे तंतू बळावतात आणि त्याच बाजूचे मागे हटतात. म्हणूनच प्रौढाच्या डाव्या मेंदूकडे उजव्या हाताची सूत्रे असतात. जन्मकाळच्या स्ट्रोकमध्ये ही स्पर्धा एकतर्फी होते. जखमी बाजू क्षीण पडते आणि निरोगी बाजू दोन्ही हातांचा कारभार आपल्याकडे घेते. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथील जॅनेट आयर यांनी आणि जर्मनीतील ट्युबिंगेन येथील मार्टिन स्टाउड्ट यांनी या पुनर्रचनेचा विस्ताराने अभ्यास केला आहे.

प्रौढांच्या उपचारांतून उचललेली कल्पना अशी होती की, निरोगी बाजू वरचढ होऊन जखमी बाजूला दाबते. म्हणून निरोगी बाजूची उत्तेजकता मंद स्पंदांनी थोडी कमी करावी आणि जखमी बाजूला श्वास घेऊ द्यावा. मुलांमध्ये ही कल्पना जशीच्या तशी लागू केली आणि दुबळ्या हाताचा सगळा भार निरोगी बाजूनेच उचललेला असेल, तर दाबले जाईल ते त्या हाताचे एकमेव आधारस्थान. जे थोडेफार चालते आहे तेही बिघडण्याची ही शक्यता होती. चांगल्या हातावर परिणाम होण्याची भीती वेगळीच. सुरक्षिततेचा खरा कस येथे लागतो. डोकेदुखी तासाभरात जाते. हाताची घसरलेली पकड मुलाच्या अक्षरात, बटणांत आणि डब्याच्या झाकणात दिसत राहते.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात बर्नाडेट गिलिक यांच्या चमूने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत यावर सावध मार्ग काढला. आधी एकेरी स्पंद देऊन तपासायचे. जखमी बाजूकडून दुबळ्या हातापर्यंत संदेश पोहोचत असेल, त्याच मुलांना चाचणीत घ्यायचे. अशा १९ मुलांत कोणालाही आकडी आली नाही आणि खरे उद्दीपन मिळालेल्या गटाचा हात अधिक सुधारला. कॅल्गरीच्या चमूने पुढे २०१६ मध्ये ६ ते १९ वयोगटातील ४५ जणांवर दोन आठवड्यांच्या शिबिरात चाचणी घेतली. कन्स्ट्रेंट थेरपी आणि चुंबकीय उद्दीपन एकत्र मिळालेल्या मुलांना सर्वाधिक लाभ झाला आणि सहा महिन्यांनंतरही तो टिकून होता. कोणत्याही हाताची क्षमता उतरली नाही. त्याच चमूच्या २०१७ च्या टीडीसीएस चाचणीचा निकाल मात्र संमिश्र होता. २४ मुलांपैकी उद्दीपन मिळालेल्यांनी स्वतः ठरवलेली उद्दिष्टे अधिक समाधानकारकरीत्या गाठल्याचे नोंदवले. हाताच्या वस्तुनिष्ठ मोजमापात दोन गटांत फरक दिसला नाही. हानी येथेही आढळली नाही.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील चाचणीही याच मालिकेतील आहे. अंगाच्या एका बाजूची सेरेब्रल पाल्सी असलेल्या ५ ते १८ वयोगटातील ४६ मुलांना कन्स्ट्रेंट थेरपीसोबत खरे किंवा लटके चुंबकीय उद्दीपन देण्यात आले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खरे उद्दीपन मिळालेल्या गटाच्या हाताच्या कार्यात अधिक सुधारणा झाली. भारतीय मुलांवरील, भारतीय रुग्णालयातील नियंत्रित चाचणी म्हणून तिचे मोल वेगळे आहे.

हे निष्कर्ष दिलासा देणारे आहेत, पण ते कोणाला लागू होतात हे पाहावे लागते. बहुतेक चाचण्यांतील मुले शाळकरी वयाची होती, त्यांची प्रकृती स्थिर होती, अलीकडे आकडी आलेल्यांना सहसा वगळले होते आणि आकडी आलीच तर तत्काळ उपचार करू शकणारे पथक शेजारी होते. या चौकटीबाहेरच्या मुलाला ‘सुरक्षित’ हा शब्द आपोआप लागू होत नाही.

लहान डोके, मोठी मात्रा

टीडीसीएसच्या यंत्रावरचा आकडा प्रौढाला आणि मुलाला सारखाच दिसतो; मेंदूपर्यंत पोहोचणारी मात्रा सारखी नसते. मुलाची कवटी पातळ असते, टाळू आणि मेंदू यांतील अंतर कमी असते, मधला द्रवाचा थरही कमी असतो. त्यामुळे तेवढ्याच प्रवाहाने मुलाच्या मेंदूत अधिक तीव्र विद्युतक्षेत्र तयार होते, असे संगणकीय प्रतिकृतींनी दाखवले आहे. जर्मनीतील संशोधकांनी २०१५ मध्ये आणखी एक चक्रावणारी गोष्ट नोंदवली. प्रौढांमध्ये उत्तेजकता घटवणारा एक मिलिअँपिअरचा ऋण प्रवाह मुलांमध्ये ती उलट वाढवताना दिसला. अर्धा मिलिअँपिअर दिल्यावर अपेक्षित घट आढळली. मिनेसोटाच्या चमूने आपल्या टीडीसीएस चाचणीत प्रवाह ०.७ मिलिअँपिअरवर ठेवला होता. त्यात स्ट्रोकची भर पडते ती अशी : मृत ऊतीच्या जागी द्रवाने भरलेली पोकळी तयार होते आणि द्रवातून वीज सहज वाहते. प्रवाह कोणत्या वाटेने जाईल हे प्रत्येक मुलाच्या एमआरआयवरून स्वतंत्रपणे ठरवावे लागते.

टीएमएसमध्ये अडचण उलट असते. लहान मुलांचे चेतामार्ग पूर्ण विकसित नसल्याने बोट हलवण्यासाठी अधिक जोराचा स्पंद लागतो. मात्रा त्या उंबरठ्याच्या टक्केवारीत ठरवली जात असल्याने यंत्राची ताकद वाढवावी लागते. वेटोळ्यातून प्रत्येक स्पंदागणिक टक् असा मोठा आवाज होतो. मुलाच्या कानात नीट बसणारे बोळे नसतील तर श्रवणाला इजा संभवते. कानात कॉक्लिअर इम्प्लांट किंवा डोक्यात चुंबकाने प्रभावित होणारी धातूची वस्तू असेल तर टीएमएस वर्ज्यच. मेंदूतील पाणी काढण्यासाठी बसवलेल्या शंटची झडप चुंबकाने बदलणारी असेल तर तेही आधी सांगितले पाहिजे.

सर्वांत नाजूक प्रश्न तान्ह्या बाळांचा आहे. चेतातंतूंची स्पर्धा पहिल्या दोन वर्षांतच बव्हंशी निकालात निघत असेल, तर हस्तक्षेपाची खरी वेळही तीच. म्हणूनच गिलिक यांच्या चमूने ३ ते १२ महिन्यांच्या स्ट्रोकग्रस्त बाळांवर एकेरी स्पंदांचे अभ्यास केले. त्यांचा हेतू उपचाराचा नव्हता, चेतामार्ग कुठवर शाबूत आहेत हे पाहण्याचा होता. जिथे लाभाची शक्यता सर्वाधिक, तिथेच दीर्घकालीन परिणामांचा पुरावा सर्वांत तोकडा, असा हा पेच आहे. दहा वर्षांच्या मुलाला डोके दुखते हे सांगता येते. सहा महिन्यांचे बाळ फक्त रडते आणि ते भुकेने रडते की वेदनेने, हे आईलाही दर वेळी कळत नाही.

दवाखान्याच्या दारात

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने टीएमएसला २००८ मध्ये प्रौढांच्या नैराश्यासाठी आणि मार्च २०२४ मध्ये एका उपकरणाला १५ ते २१ वयोगटातील नैराश्यासाठी पूरक उपचार म्हणून मान्यता दिली. जन्मकाळच्या स्ट्रोकसाठीचा वापर अद्याप संशोधनाच्या कक्षेतच आहे. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांचे पालक याआधीही अशा वळणावर आले आहेत. मूलपेशी उपचारांच्या नावाखाली मोठ्या रकमा मोजल्या गेल्या, तेव्हा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेला २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट करावे लागले की, रक्तविकारांसारखे मोजके मान्य उपयोग वगळता असे उपचार नोंदणीकृत चाचणीबाहेर देऊ नयेत. मेंदू-उद्दीपनाची यंत्रे आता देशातील अनेक खासगी दवाखान्यांत आहेत आणि टीडीसीएसची उपकरणे तर इंटरनेटवरून घरपोच मिळतात. घरगुती वापरात स्पंज सुकल्याने त्वचा भाजणे हा ज्ञात धोका आहे. चुकीच्या जागी बसवलेले विद्युतअग्र काय करील, हे वर सांगितलेल्या चेतामार्गांच्या उलटापालटीवरून ताडता येईल. प्रौढांनी स्वतःवर असे प्रयोग करण्याबाबतही ३९ संशोधकांनी २०१६ मध्ये खुले पत्र लिहून सावध केले होते.

पालकांसमोर असा प्रस्ताव आला तर काही गोष्टी विचारून घेणे रास्त ठरते. ही नोंदणीकृत चाचणी आहे की पैसे आकारून दिला जाणारा उपचार? नैतिक समितीची मान्यता आहे का? मुलाचा एमआरआय पाहून आणि दुबळ्या हाताची सूत्रे मेंदूच्या कोणत्या बाजूकडे आहेत हे तपासून मात्रा ठरवली आहे का? आकडी आल्यास कक्षात कोण असेल? उद्दीपनासोबत व्यायामोपचार किती तास मिळणार? शेवटचा प्रश्न कमी महत्त्वाचा वाटेल, पण आजवर ज्या चाचण्यांत लाभ दिसला त्या सर्वांत उद्दीपन हे सघन व्यायामाच्या जोडीला होते. नुसते यंत्र लावून घरी पाठवण्याच्या पद्धतीला त्यांचा आधार घेता येत नाही. व्यायामोपचार मात्र प्रतीक्षा न करता सुरू करता येतात : २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा स्तरावर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे स्थापण्यात आली आहेत.

संमतीचा भागही केवळ पालकांच्या सहीने पूर्ण होत नाही. मुलांवरील संशोधनासाठी आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांनुसार सात वर्षांपुढील मुलाची तोंडी आणि बारा वर्षांपुढील मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. टक्टक् आवाज नकोसा झाला म्हणून मुलाने डोके बाजूला घेतले, तर ते सत्र तिथेच थांबवावे लागते.